लिअरची वाटणी: पहिला प्रवेश कसा बसवायचा

मी तीन बहिणींतली मधली. लहानपणी बाबांनी तिघींना मिळून काही विचारलं की आधी ताई बोलायची, धाकटीला बोलावंच लागायचं नाही, आणि माझ्या वाट्याला एकच वाक्य उरायचं: ‘ताई म्हणाली तेच, पण त्याहून जास्त.’ शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ पहिल्यांदा मोठ्याने वाचायला बसलो तेव्हा राजाच्या मधल्या मुलीचं, रीगनचं, भाषण ऐकून मला खुदकन हसू आलं. बाई अक्षरशः हेच म्हणते. मी ताईच्याच धातूची, तिचं जे मोल तेच माझं धरा; फक्त ती जरा कमी पडली.

तेव्हापासून हौशी मंडळींना घेऊन मी हे नाटक तीनदा बसवलं. नुसती वाचनं किती झाली ते मोजलेलं नाही. ज्यांना पूर्ण नाटक किंवा निदान पहिला प्रवेश करून बघायचाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळा भर पहिल्या प्रवेशावरच देणार आहे. त्यात म्हातारा राजा लिअर आपलं राज्य तीन मुलींत वाटतो, थोरली गॉनरिल, मधली रीगन, धाकटी कॉर्डेलिया, आणि कोणाचं प्रेम किती ते बोलून दाखवायला सांगतो. हा प्रवेश बसला नाही तर तिसऱ्या अंकात विंगेतून कितीही पत्रे वाजवा, वादळ येत नाही.

माझी पहिली खेप फसली होती, ते आधी सांगून टाकते. थोरल्या दोघींना मी गडद कपडे दिले, डोळ्यांत काजळ भरलं, बोलताना एकमेकींकडे बघून ओठ मुडपायला सांगितलं. कॉर्डेलिया अर्थातच पांढऱ्यात. प्रयोगानंतर एक वयस्कर गृहस्थ आत आले आणि शांतपणे म्हणाले, ‘मला दहाव्या रांगेतून जे कळलं, ते त्या राजाला सिंहासनावरून कळलं नाही? मग अशा माणसासाठी मी तीन तास का रडायचं?’ उत्तर नव्हतं. पुढची सगळी कृती त्या प्रश्नातून निघालेली आहे.

सुरुवातीला कात्री लावू नका

लिअर रंगमंचावर येण्याआधी तीस-बत्तीस ओळींचं एक संभाषण आहे. केंट, ग्लॉस्टर आणि ग्लॉस्टरचा अनौरस मुलगा एडमंड. हौशी संचांत पहिली कात्री इथेच चालते, ‘दरबारातल्या गप्पा, काय करायच्यात’ म्हणून. मीही चालवली होती. तुम्ही चालवू नका, कारण नाटकाचं कुलूप इथे उघडतं.

केंट म्हणतो, मला वाटलं होतं राजाचा कल कॉर्नवॉलपेक्षा ऑल्बनीकडे जास्त आहे. (हे दोघे राजाचे जावई: ऑल्बनी गॉनरिलचा नवरा, कॉर्नवॉल रीगनचा.) ग्लॉस्टर म्हणतो, आम्हालाही तसंच वाटायचं, पण आता वाटण्या झाल्यात त्यात काही कळत नाही. हिस्से इतके तोलूनमापून केलेत की डावं-उजवं करता येत नाही. म्हणजे वाटणी झालेली आहे. दरबारातल्या दोन बड्या माणसांना ती ठाऊकही आहे. मग थोड्या वेळाने लिअर येऊन ‘तुमच्यापैकी कोणाचं आमच्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे ते सांगा, त्याप्रमाणे देऊ’ म्हणतो, ती परीक्षा कसली? निकाल लागल्यावर पेपर घेण्यातला प्रकार. नटांना हे एकदा समजलं की सगळ्यांच्या माना वेगळ्या कोनात वळतात. हा समारंभ आहे. कोणी काय बोलायचं ते ठरलेलं आहे, टाळ्या कुठे पडायच्या तेही.

याच तुकड्यात ग्लॉस्टर एडमंडच्या जन्माबद्दल, एडमंड शेजारी उभा असताना, चावट विनोद करतो. शिवाय सांगतो की हा नऊ वर्षं बाहेर होता आणि परत जाणार आहे. एडमंडचं काम करणाऱ्याला इथे काहीही ‘करायला’ सांगू नका. त्याने फक्त ऐकायचं आणि अदबीने उत्तर द्यायचं. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात अनौरस मुलाला वारसा नव्हता आणि जमीन थोरल्या औरस मुलाकडे जायची. एडमंड दोन्ही बाजूंनी बाद. पुढच्याच प्रवेशात तो ‘औरस एडगर, तुझी जमीन मला हवी’ म्हणतो, तेव्हा प्रेक्षकांना हे हसणं आठवलं पाहिजे.

नकाशा खरा हवा

लिअर आल्या आल्या ज्या गोष्टी मागतो त्यांत नकाशा आहे. ‘तो नकाशा द्या इकडे.’ इथे गुंडाळलेला कोरा कागद चालत नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला जुन्या चादरीवर ब्रिटनचा नकाशा रंगवला, दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढा, आणि तीन भागांच्या सीमा खडूने आखल्या. मग पहिल्या तालमीत संवाद न बोलता नुसती वाटणी करून बघितली. कोणी, कधी, कुठे बोट ठेवलं, एवढंच.

हे तुम्हीही करा. लगेच एक गोष्ट नजरेत भरते. गॉनरिल बोलून होते आणि लिअर तिथल्या तिथे तिचा हिस्सा देऊन टाकतो: या रेषेपासून त्या रेषेपर्यंत, सावलीची अरण्यं, भरल्या नद्या, विस्तीर्ण कुरणं. रीगनने अजून तोंडही उघडलेलं नाही! स्पर्धा असती तर दुसरी गाण्याआधी पहिलीला बक्षीस कोणी दिलं असतं? मग रीगन बोलते, तिला ‘गॉनरिलइतकाच’ एकतृतीयांश हिस्सा. आणि मग लिअर धाकटीकडे वळून म्हणतो, तुझ्या बहिणींपेक्षा समृद्ध असा तिसरा हिस्सा मिळवायला तू काय बोलशील? दोन हिस्से गेल्यावर उरतो तो एकच, आणि तो सर्वांत सुपीक आहे हे तो स्वतःच बोलून बसतो. आमच्या नकाशावर तो मधला हिरवागार पट्टा होता. थोरल्या दोघी आपापल्या जागेवरून त्याकडे बघत उभ्या राहिल्या, मी न सांगता.

इथून पुढे गॉनरिल आणि रीगन खलनायिका वाटेनाशा होतात. त्या वर्षानुवर्षं दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर राहिलेल्या मुली वाटतात. प्रवेशाच्या शेवटी गॉनरिल म्हणतेच, ‘आपल्या बहिणीवर त्यांचं कायमच जास्त प्रेम होतं.’ हे वाक्य कपटाचं नाही, ते खरं आहे. लिअर स्वतः त्याला दुजोरा देतो: ‘माझं हिच्यावर सर्वांत जास्त प्रेम होतं, म्हातारपण हिच्या मायेवर काढायचं ठरवलं होतं.’ भर दरबारात, थोरल्या दोघींच्या देखत.

नटांना थोडी पार्श्वभूमी द्यावी, पण व्याख्यान देऊ नये. मी एवढंच सांगते. मुलगा नसेल तर इंग्रजी कायद्यात मुलींना जमिनीचा समान वाटा मिळायचा, त्यामुळे तीन मुलींत तीन वाटे यात तेव्हाच्या प्रेक्षकाला नवल नव्हतं. नवल होतं ते राज्याचे तुकडे करण्याचं. हे नाटक २६ डिसेंबर १६०६ रोजी व्हाइटहॉलच्या राजवाड्यात पहिल्या जेम्ससमोर झालं. जेम्स १६०३ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड दोन्हींचा राजा होता आणि दोन्ही राज्यं एक करण्याच्या मागे लागला होता. त्याच्या मुलांच्या पदव्या काय? थोरला ड्यूक ऑफ कॉर्नवॉल, धाकटा ड्यूक ऑफ ऑल्बनी. नकाशा उलगडला जाताना त्या दरबारात काही माणसं खुर्चीत नक्की सावरून बसली असणार. तुमच्या ऑल्बनीने आणि कॉर्नवॉलनेही नकाशा उघडताना एकमेकांकडे एकदाच बघावं. एकदाच.

दुसरी गोष्ट मुलींना सांगण्यासारखी. १६०३ साली ब्रायन ॲन्स्ली नावाच्या एका म्हाताऱ्या सरदाराच्या थोरल्या मुलीने बापाला वेडा ठरवून त्याची मालमत्ता ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला होता. धाकटीने थेट राज्याच्या मंत्र्याकडे दाद मागितली. त्या धाकटीचं नाव कॉर्डेल. नाटककाराच्या कानावर हे गेलं होतं की नाही यावर अभ्यासक भांडोत. मला त्याचा उपयोग एवढाच, की तालमीत कोणी ‘ही तर परीकथा आहे’ म्हणालं की मी ॲन्स्लीचं घर पुढे करते.

गॉनरिलने तूप ओतू नये

खुशामत म्हटली की नट आवाज गोड करतात, मान कलती करतात. गॉनरिलला हे करू देऊ नका. तिचं भाषण पाठ केलेलं आहे, नीट इस्त्री केलेलं. कुठल्याही निरोप समारंभात उभे राहणारे वक्ते आठवा: ‘साहेबांबद्दल बोलायला माझ्याकडे शब्द अपुरे पडतात,’ आणि मग वीस मिनिटं. गॉनरिलची युक्ती तीच. शब्दांत मावणार नाही इतकं माझं प्रेम आहे, असं सुरू करून ती यादी वाचते आणि शेवटी पुन्हा, वाणी दुबळी पडेल असं हे प्रेम. आमच्या गॉनरिलला मी सांगितलं, तू ऑफिसातल्या सगळ्यांच्या वतीने बोलते आहेस, शाल-श्रीफळ हातात आहे, मागे चहा थांबलाय. एका तालमीत भाषण सरळ झालं.

पण यादी बघा. डोळ्यांच्या दृष्टीहून प्रिय, मोकळ्या जागेहून, स्वातंत्र्याहून. हे तीन शब्द नटीने जपून ठेवायचे. जागा आणि स्वातंत्र्य: या बाईला नेमकं जे हवंय तेच ती उपमा म्हणून वापरते आहे. नकळत खरं बोलून जाते. आणि दृष्टी? तिसऱ्या अंकात ग्लॉस्टरला पकडून आणतात तेव्हा रीगन म्हणते, लगेच फाशी द्या. ‘डोळे काढा’ हे शब्द गॉनरिलचे आहेत. पहिल्या प्रवेशात ‘दृष्टी’ या शब्दावर जोर देऊ नका, नुसता स्वच्छ उच्चारा. ज्याला पुढे आठवायचं त्याला आठवेल.

रीगनचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे मी तज्ज्ञ आहे. दुसऱ्याने बोलणाऱ्याकडे नवीन काही उरत नाही. तिने बोलताना बापाकडे बघायचं नाही, ताईकडे बघायचं. ‘फक्त ती कमी पडते’ हे वाक्य ताईच्या तोंडावर, हसून. घरातल्या घरात बहिणी जशा टोचतात तसं. आमच्याकडे गॉनरिल या वाक्यावर दचकली, कारण तिच्या मते दोघींचं आधी बोलणं झालेलं होतं. झालं होतं की नाही हे संहितेत नाही. तुमच्या दोघी नटींना ते ठरवू द्या, तुम्हाला सांगू नका म्हणावं.

आणि लिअर? त्याने भाषणं ऐकून विरघळायचं नाही. तो नकाशावर वाकलेला असू द्या. मुलगी बोलते आहे, त्याचं बोट नदीवरून फिरतंय, तो ‘हं’ म्हणतो आहे. ही स्तुती त्याने आयुष्यभर ऐकलीय. पुढे चौथ्या अंकात, डोक्यात गवतफुलं खोवून भटकताना, तो सांगतो: कुत्र्याला चुचकारावं तसं मला चुचकारत होते, मी जे म्हणेन त्याला हो म्हणत होते, मी म्हणजे सर्व काही असं सांगत होते, खोटं आहे, मला हिवताप होतोच. हे कळायला त्याला पावसात भिजावं लागतं. पहिल्या प्रवेशात हुजरेगिरी ही त्याच्यासाठी हवेसारखी आहे, जाणवतही नाही. तो पहिल्यांदा मान वर करतो ती धाकटीची पाळी आल्यावर. ते एक मान वर करणं प्रेक्षकांना दिसलं, की त्याचं हिच्यावर किती प्रेम आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक सूचना मराठी नटांसाठी. आपल्याकडे लिअर करायला घेतला की पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक नटाच्या घशातून बेलवलकर बोलायला लागतात. १९७० पासून ‘नटसम्राट’ आपल्या कानांत आहे, इलाज नाही. पण बेलवलकरांनी मुलांना दिलं ते मोकळ्या हाताने, परीक्षा न घेता. लिअर मोजून देतो आणि मोजून मागतो. तो पहिल्या प्रवेशात दयनीय नाही, बलाढ्य आहे. त्याची कीव यायला अजून दोन अंक आहेत.

‘काही नाही’, आणि त्यातला ‘च’

आता मुख्य जागा. या चार ओळींवर आम्ही एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आणि मला ती वाया गेली असं वाटत नाही.

कॉर्डेलिया बहिणींच्या भाषणांदरम्यान दोनदा प्रेक्षकांशी बोलते. ‘कॉर्डेलियाने काय बोलावं? प्रेम करावं आणि गप्प राहावं.’ म्हणजे तिला उत्तर सुचत नाही असं नाही. गप्प राहायचं तिने ठरवलं आहे. मग लिअर विचारतो आणि ती म्हणते:

‘काही नाही, महाराज.’
‘काही नाही?’
‘काही नाही.’
‘काही नाही म्हणशील तर काही नाही मिळणार. पुन्हा बोल.’

आमच्या कॉर्डेलियाने पहिल्या वाचनात ‘काहीच नाही’ म्हटलं. फरक ऐकून बघा. ‘काहीच नाही’ म्हणजे मला तुमच्याबद्दल काहीच वाटत नाही, किंवा जा, नाही सांगत. त्या ‘च’मुळे मुलगी उर्मट होते आणि बाप बरोबर ठरतो. ‘काही नाही’ हे मात्र आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो: काय झालं? काही नाही. त्यात लपवणं आहे, संकोच आहे, विषय संपवणं आहे. लिअरला ते कोणत्या अर्थाने ऐकू येतं हा त्याचा प्रश्न. तुम्ही विंदा करंदीकरांचा अनुवाद घ्या, दुसरा कुठला घ्या किंवा स्वतः करा, पण हा शब्द निवडताना तो पुढे कुठे कुठे येणार आहे ते आधी बघून ठेवा. दुसऱ्या प्रवेशात एडमंड खोटं पत्र घाईघाईने लपवतो. बाप विचारतो काय वाचतो आहेस, तो म्हणतो, ‘काही नाही, बाबा.’ ग्लॉस्टर म्हणतो, ‘काही नाही’ असेल तर मला चष्मा लागणार नाही. पुढे विदूषक लिअरला विचारतो, ‘काही नाही’चा काही उपयोग होतो का रे काका? लिअर उत्तरतो, नाही पोरा, ‘काही नाही’मधून काही नाही निघत. स्वतःचंच वाक्य, विसरून. शब्द तोच ठेवलात तर हे सगळे धागे आपोआप बांधले जातात. एकदा ‘शून्य’, एकदा ‘रिक्त’, एकदा ‘काहीच नाही’ असं केलंत तर सुटले.

वर दिलेल्या चार ओळी १६२३ च्या फोलिओतल्या, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या छापील संग्रहातल्या, आहेत. १६०८ च्या क्वार्टोत, म्हणजे या एकाच नाटकाच्या आधीच्या छापील प्रतीत, मधल्या दोन नाहीत. मुलगी एकदाच म्हणते आणि बाप लगेच उसळतो. मोजलंत तर क्वार्टोत तो शब्द तीनदा येतो, फोलिओत पाचदा. गंमत म्हणजे अगदी शेवटी, मेलेली कॉर्डेलिया हातांत घेऊन लिअर ‘कधी नाही’ म्हणतो तेही क्वार्टोत तीनदा आणि फोलिओत पाचदा. मी फोलिओ घेते. मधल्या दोन ओळींमुळे बापाला एक संधी मिळते. ‘काही नाही?’ हा त्याचा प्रश्न रागाचा नको. त्याला खरोखर वाटलंय की त्याने नीट ऐकलं नाही. तिचं दुसरं ‘काही नाही’ पहिल्यापेक्षा हळू. त्यानंतर मी तीन आकडे मोजायला लावते. दरबारातलं कोणीही हलत नाही. मग ‘पुन्हा बोल’.

हे उत्तर लोकांना कायमच टोचत आलंय. १६८१ मध्ये नाहुम टेट याने नाटक नव्याने लिहिलं. त्यात कॉर्डेलिया गप्प राहते कारण तिचं एडगरवर प्रेम आहे आणि तिला मागणी घालणाऱ्या बर्गंडीच्या ड्यूकशी लग्न टाळायचंय. शेवटी लिअर राज्यावर, दोघांचं लग्न, विदूषकाला तर डच्चूच. हीच आवृत्ती रंगभूमीवर दीडशे वर्षं चालली. विदूषक परत आला १८३८ साली, मॅक्रेडी या इंग्रज नटाच्या प्रयोगात. तुमच्याही संचात कोणीतरी विचारेल की ती जरा गोड बोलली असती तर काय बिघडलं असतं. विचारू दे. टेटसारखं कारण मात्र देऊ नका.

कॉर्डेलियाला देवी करू नका, एवढं पाळा. ‘काही नाही’नंतर ती जे बोलते ते बघा: नात्याच्या बंधाला धरून माझं तुमच्यावर प्रेम आहे, कमी नाही, जास्त नाही. तुम्ही जन्म दिला, वाढवलं, प्रेम केलं; त्याची रीतसर परतफेड मी करते. बहिणींचं सगळं प्रेम तुमच्यावर, तर त्यांनी नवरे कशाला केले? माझं लग्न होईल तेव्हा अर्धं प्रेम नवरा घेऊन जाईल. हीसुद्धा हिशेबच करते आहे! बापाने प्रेमाची वाटणी मांडली, तिने तिच्या परीने मांडली. बापाचीच मुलगी. ती हट्टी आहे, थोडी कोरडी आहे, आणि भर दरबारात बापाला खाली बघायला लावते आहे. नटीने इथे डोळ्यांत पाणी आणलं की संपलं. आमच्या तिसऱ्या खेपेतली मुलगी हे भाषण बोटांवर मोजत बोलली. मला आधी खटकलं. मग तसंच ठेवलं.

मराठीत एक सोय आपल्याला फुकट मिळते. लिअर राजा म्हणून ‘आम्ही’ बोलतो. चिडल्यावर, मुलीला टाकताना, तो ‘मी’वर येतो. ‘आम्ही’ गळून ‘मी’ बाहेर पडण्याची जागा संहितेत खूण करून ठेवा, नटाने ती ओलांडताना श्वास घ्यावा. केंटचं याहून जोरदार आहे. ‘राजन, ज्यांना मी सदैव माझा राजा मानलं, पिता मानलं’ असं आपण-आपण करत तो सुरू करतो आणि दोन-चार ओळींत थेट ‘म्हाताऱ्या, हे काय करायला निघालास तू?’ दरबारात कोणीही श्वास घेता कामा नये. इंग्रजी शिकलेल्या प्रेक्षकाला हा बदल तळटिपेत वाचावा लागतो. आपल्या प्रेक्षकाच्या अंगावर तो कानशिलात बसल्यासारखा येतो.

बर्गंडी आणि फ्रान्स यांच्यावर फार वेळ घालवू नका. बर्गंडी लोभी नाही, तो कबूल केलेला हुंडा मागतो आणि तो मिळत नाही म्हटल्यावर नम्रपणे बाजूला होतो. फ्रान्सचा राजा तिला तशीच स्वीकारतो. त्याने ते भाषण करू नये, पुढे होऊन तिचा हात धरावा, बास.

शेवटी थोरल्या दोघी उरतात आणि पद्य थांबून गद्य सुरू होतं. माझ्या पहिल्या प्रयोगात इथे मी कुजबुज, हास्य आणि मागे संगीत दिलं होतं. आता आम्ही नकाशाची घडी घालतो. दोन्ही टोकं धरून, जोडीने, धुतलेली चादर घडी घालावी तशी. घालता घालता बोलणं: बघितलंस किती लहरी झालेत. वय झालंय. पण स्वतःला त्यांनी आधी तरी कुठे ओळखलं होतं? धाकटीचं हे केलं, उद्या आपलं काय करतील? यातलं एकही वाक्य चूक नाही. आम्ही बहिणींनी बाबांबद्दल अशाच सुरात बोलणी केलेली आहेत.

शंभर, पन्नास, पंचवीस

पहिला प्रवेश उभा राहिला की त्याच आठवड्यात मधलं सगळं सोडून दुसऱ्या अंकाचा शेवट वाचायला घ्या. लिअरने स्वतःसाठी राजाचं नाव आणि शंभर सरदार राखले होते, महिना-महिना एकेकीकडे राहायचं ठरलं होतं. गॉनरिलने पंधरवड्यात पन्नास कमी केले. रीगन म्हणते, पंचवीसच आण. आणि हा माणूस गॉनरिलकडे वळून म्हणतो: तुझ्याकडे येतो, तुझे पन्नास म्हणजे हिच्या पंचविसाच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेम हिच्या दुप्पट. त्याची गणिताची सवय सुटलेली नाही. मग आकडे उतरत जातात, दहा, पाच, आणि रीगन विचारते, एक तरी कशाला? नटांना म्हणावं, हे लिलावासारखं वेगात घ्या, फक्त बोली खाली येते आहे. ‘मी तुम्हाला सगळं दिलं’ असं तो म्हणतो आणि रीगन म्हणते, ‘वेळेवर दिलंत.’ हे वाक्य ओरडून टाकू नका. शांत आवाजात ते जास्त कापतं.

त्यानंतर लगेच चौथ्या अंकातली झोपेतून उठण्याची जागा. लिअर म्हणतो, मी एक खुळा म्हातारा आहे, ऐंशीच्या वर, एक तासही जास्त नाही, कमी नाही. कॉर्डेलियाचं ‘कमी नाही, जास्त नाही’ त्याच्या तोंडी येतं, आणि तेही न जुळणाऱ्या हिशेबात. ऐंशीच्या वर म्हटल्यावर तासाचा नेम कसला? मग तो तिला म्हणतो, विष दिलंस तरी पिईन. तुझ्या बहिणींना कारण नव्हतं, तुला आहे. तिचं उत्तर दोन शब्दांचं, दोनदा. मराठीत आम्ही ते असं घेतलं: ‘काही कारण नाही. काही कारण नाही.’ पहिल्या प्रवेशातलं ‘काही नाही’ त्याच जागी आहे, फक्त पोटात एक शब्द घेऊन. वाचनाला बसलेल्यांपैकी एकाने पेन्सिल खाली ठेवली, एवढं मला आठवतं.

शेवटची सूचना तालमीच्या सामानाबद्दल. पहिल्या प्रवेशात ‘नकाशा द्या इकडे’ म्हटल्यावर नकाशा कोणी द्यायचा ते लिहिलेलं नाही. आम्ही केंटला द्यायला लावतो. लिअर त्याच्याकडे बघतही नाही, हात मागे करतो आणि नकाशा हातात येतो. पाचव्या अंकाच्या शेवटी, पाच वेळा ‘कधी नाही’ म्हणून झाल्यावर, तो कोणालातरी म्हणतो, ‘कृपा करून हे बटण काढता का? आभारी आहे.’ तिथेही केंटच पुढे होतो. यासाठी अंगरख्याला खरं बटण लावा, घट्ट काजाचं, आणि केंटला ते आधी सवयीचं करून देऊ नका.